जुनी, बदल केलेली पिकअप घेताना-विकताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे अकरा वर्षं महिंद्राची जुनी जीप होती. पासिंग १९६८ चं, मागच्या सीटा काढून कुणीतरी सागवानी फळ्यांचा हौदा बसवलेला, पुढे भलतीच रुंद चाकं. घेताना मी गाडी पाहिली, कागद पाहिले नाहीत. ती चूक निस्तरायला दोन वर्षं आरटीओच्या खिडक्या पालथ्या घातल्या. मग ती रीतसर विकलीही. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले आहेत.

व्हिंटेज म्हणजे किती जुनी?

बोलण्यात वडिलांच्या लग्नातली कुठलीही गाडी व्हिंटेज असते. कायद्यात तसं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी कलमं आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंतरच्या फेरनोंदणीची ५,०००, आणि नोंदणी १० वर्षं चालते. गाडी परदेशातून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) लागतं, इथली असेल तर जुनं आरसी बुक.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही. व्हीए नंबरची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उभं राहणं यांपैकी कशात बसतं ते तुम्हीच ठरवा.

माझी पिकअप जुनीही आहे आणि कस्टमाइज केलेलीही. मग तिला व्हीए नंबर मिळेल?

नाही. ‘कस्टमाइज केलेली व्हिंटेज पिकअप’ हे शब्द जाहिरातीत शेजारी शेजारी छान दिसतात, पण कायद्यात एक दुसऱ्याला खोडतो. बदल केलात की गाडी मूळ रूपातली राहिली नाही, म्हणजे व्हिंटेजची सवलत गेली. उरली ती साधी जुनी गाडी, आणि तिला साध्या गाडीचे सगळे नियम लागू.

ते नियम कडक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दर गाडीमागे नव्हे, दर बदलामागे. हौदा, चाकं, इंजिन, हेडलाइट अशी यादी केली तर बेरीज पटकन वाढते.

रंग बदलणं सोपं आहे, आरसीवर नोंद करून घ्यायची. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. पुढचा लोखंडी बुलबार मात्र दिसायला कितीही दणकट असला तरी काढून टाका, डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

हौदा तर मागच्या मालकाने तीस वर्षांपूर्वी बसवला. त्यात माझा काय दोष?

रस्त्यावर गाडी अडवणारा अधिकारी बदल कुणी केला हे विचारत नाही, आरसीवर काय लिहिलंय ते बघतो. म्हणून आरसीवर ‘बॉडीचा प्रकार’ या रकान्यात काय आहे ते आधी वाचा. पिकअप, डिलिव्हरी व्हॅन किंवा ओपन बॉडी असेल तर सुटलात. ‘जीप’ असेल आणि मागे हौदा असेल तर तुम्ही अडकलात.

माझ्या गाडीचं तेच होतं. ज्या गॅरेजवाल्याने ती मला विकली, तो म्हणाला, “साहेब, एवढं कोण बघतो?” पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टरनेच बघितलं. शेवटी हौद्याच्या फळ्या काढून गोठ्यात ठेवल्या (गाव मुरबाडकडचं, म्हणून गोठा होता), जुन्या सीटा कुर्ल्यातून मिळवल्या, गाडी जीप म्हणून पास करून घेतली. फळ्या आजही गावी आहेत. त्यावर कोंबड्या बसतात.

पाटी पांढरी असावी की पिवळी?

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळ्यावर काळी म्हणजे व्यवसायाची. पिकअपमध्ये हा फरक फार महाग पडतो. खासगी नोंदणी आधी १५ वर्षांची आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. माल वाहणाऱ्या गाडीला मात्र जुनी झाल्यावर दरवर्षी फिटनेस लागतो. वजन मालासकट ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटची कटकट नाही, त्यावर गेलं की तीही येते. छंदासाठी घेत असाल तर पांढरी पाटी शोधा. पिवळ्याची पांढरी करून देतो म्हणणाऱ्या एजंटला “करून आण, मग पैसे देतो” असं सांगा.

माझं लायसन्स साधं कारचं आहे. चालेल?

चालेल. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

१५ वर्षांनंतर गाडी भंगारात जाते ना?

ते दिल्लीचं. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली, आणि व्हॉट्सअॅपवर ती सगळ्या देशाला लागू झाली. ठाण्यात, वाशीत, पनवेलला खासगी गाडी तपासणीत पास होते तोवर नोंदणी वाढवता येते. फी मात्र वाढली आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या हलक्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर त्याहून वेगळा.

दिल्लीच्या या नियमामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, तेव्हा मोह होतो. फॉर्म २८ ची एनओसी हातात नसेल तर त्या गाडीकडे वळूनही बघू नका. आणि परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपुढे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, करही भरावा लागतो. म्हणजे ज्या जुन्या तीन अक्षरी नंबरच्या प्रेमात पडलात तो जातो आणि त्या जागी एमएच-०४ किंवा एमएच-४३ येतो.

ऑनलाइन नंबर टाकला तर गाडीच सापडत नाही. चोरीची आहे का?

बहुधा नाही. १९८९ च्या नियमांआधी नोंदलेल्या कित्येक गाड्यांची माहिती अजून आरटीओच्या जाड रजिस्टरांतच आहे, ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चढलेली नाही. त्यासाठी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते आणि ती मूळ नोंदणी झालेल्या कार्यालयातूनच. हे काम विक्रेत्याकडून करून घ्या, व्यवहाराच्या आधी. एंट्री झाली की कर्जाचा बोजा, थकलेला कर, ई-चलन सगळं उघडं पडतं. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

गाडी बघायला जाताना काय बघू?

सकाळी जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड इंजिनावर सुरू होत नसावी म्हणून आधीच सुरू करून ठेवली आहे, असं समजा.

मग चॅसिस नंबर. आरसीवरचा आणि पत्र्यावर पंच केलेला एकेक आकडा जुळवा. कागद ठेवून पेन्सिल फिरवा, तशी छाप आरटीओलाही लागते. आकड्यांची उंची वरखाली असेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर चहा घेऊन निरोप घ्या. इंजिन नंबरही बघा, पण तिथे फरक असेल तर लगेच घाबरू नका, पुढे त्यावर लिहिलं आहे.

आता गंज. ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरी ही सगळी खाडीकाठची वस्ती. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत वाढलेली गाडी वरून चकचकीत असली तरी आतून पोखरलेली असू शकते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सोबत न्या. केबिनचे खालचे कोपरे, दाराची तळकड, पायरी, मडगार्ड यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, बोटभर जाड थर मात्र नको. रबरी मॅट उचलून तळ बघा. हौद्याच्या फळ्यांखाली बॅटरी घेऊन डोकवा, पाणी तिथेच साचतं. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चॅसिसला टांगलेले असतात तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचा. तिथे पापुद्रे सुटले तर तो खर्च रंगाच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा. चॅसिसला मध्येच वेल्डिंगची आडवी शिवण दिसली तर गाडी कधीतरी कापून लांब किंवा आखूड केलेली आहे. ही गाडी कुठल्याही किमतीला घेऊ नका.

चालवून बघताना सपाट पाम बीच रोडवर नेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. गायमुखचा किंवा पारसिक हिलचा चढ घ्या. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा, गिअर उडून न्यूट्रलला येतो का ते बघा. जुन्या जीपच्या तीन गिअरच्या डब्यात पहिला गिअर चालत्या गाडीत करकरत पडतो. ती जन्मजात सवय आहे, त्यासाठी किंमत पाडून मागू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

ब्रेक शेवटी, पण सगळ्यात जपून. या गाड्यांचा ब्रेक एकाच सर्किटचा असतो. एका चाकाचा सिलिंडर गळला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडल दाबून धरा आणि मनात साठ मोजा. हळूहळू खाली जात असेल तर घरी टो करून आणा, चालवून नको.

पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय. फायदाच ना?

पूर्वी हे सर्रास व्हायचं. एमएम ५४० मधलं २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन जुन्या जीपमध्ये चढवायचे, कारण डिझेल स्वस्त होतं आणि इंजिन मरत नसे. प्रश्न एकच: आरसीवर इंधन ‘डिझेल’ लिहिलंय का आणि इंजिन नंबर तोच आहे का? दोन्ही जुळत असतील तर गाडी उत्तम. आरसीवर अजून पेट्रोलच असेल तर पीयूसीपासून विम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी खोटं बोलावं लागेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच शोधेल.

हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने काही होतं?

होतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९६०-७० च्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरची गॅस्केटं, पंपाचा पडदा यांना त्याची सवय नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, गळायला लागतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात दोन महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. इंधनाचे सगळे पाइप व्हिटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) टाका आणि गाडी निदान पंधरा दिवसांनी फिरवा. माझ्या मेकॅनिकला हे पटायला वेळ लागला. तो म्हणायचा, तुम्ही फार वाचता.

कोणती घेऊ?

सुटे भाग डोळ्यांसमोर ठेवाल तर महिंद्राची जीप किंवा तिच्यावर बांधलेली पिकअप. ६.००-१६ चे टायरसुद्धा अजून नवे मिळतात. शेवरोले, डॉज, फार्गो यांचं रूप वेगळंच. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जोडल्या, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज आणि फार्गो काढल्या, त्यामुळे आपल्या भागात त्या अधूनमधून निघतात. पण समोरच्या काचेचं रबर किंवा दाराचं हँडल शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार यांच्या फेऱ्या माराव्या लागतील, आणि तरीही मिळेलच असं नाही. १९८८ ची टाटामोबाइल अजून व्हिंटेज नाही. पण आज कुणी ती तोडून ‘रेट्रो’ बनवत असेल तर वाईट वाटतं. मूळ रूपात टिकलेली टाटामोबाइल आता सहज दिसत नाही.

किंमत कशी ठरवायची?

तक्ता नाही. विक्रेता खर्चाची बिलं जोडून किंमत सांगतो आणि घेणारा पुढच्या खर्चाचा हिशेब करून मागतो, दोघेही आपापल्या जागी बरोबर. मी गाडीत घातलेल्या पैशांपैकी निम्मेच परत आले. बदल जितके तुमच्या आवडीचे, तितके गिऱ्हाईक कमी. चामड्याच्या लाल सीटा तुम्हाला आवडल्या, घेणारा त्या काढण्याचा खर्च वजा करतो. उलट पहिल्या दिवसापासूनचं आरसी बुक, जुने कर भरल्याच्या पावत्या आणि मूळ सुटे भाग सांभाळून ठेवले असतील तर भाव खरोखर वर जातो.

पैसे कसे द्यायचे-घ्यायचे?

आधी विसार, त्याची विसार पावती. पावतीवर चॅसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली किंमत आणि ‘आरटीओत नाव बदलून न मिळाल्यास विसार परत’ हे वाक्य. बाकी रक्कम बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो.

नाव बदलायला काय लागतं?

फॉर्म २९ आणि ३०, चालू विमा, पीयूसी, ओळख-पत्त्याचे पुरावे. जुनं कर्ज चढलेलं असेल तर फॉर्म ३५. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. उच्च सुरक्षेची (एचएसआरपी) नवी नंबर प्लेट नसेल तर काम अडतं, ती आधी बसवून घ्या.

गाडी विकून दोन वर्षं झाली, घेणाऱ्याने नाव बदललंच नाही. मला काय त्याचं?

बरंच काही. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी पाच हातांतून फिरली असली तरी अपघाताची नोटीस तुमच्या घरी येईल. सह्या केलेले कोरे टीटीओ (नाव बदलण्याचे) फॉर्म एजंटच्या हातात देण्याची आपल्याकडची जुनी रीत याच कारणाने सोडा. गाडी देताना तारीख आणि वेळ टाकलेली डिलिव्हरी पावती घ्या, मिनिटापर्यंत. घेणारा संध्याकाळी सहाला गाडी घेऊन निघतो आणि साडेसहाला तीन हात नाक्यावर सिग्नल तोडतो, हे मी पाहिलेलं आहे.

विमा कितीचा मिळेल?

पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. सुरुवातीला भंगाराचा आकडा सांगतील. फोटो, बिलं, मूल्यांकन घेऊन भांडा. झालेले बदल लपवू नका. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करा.

विकून नफा झाला तर कर लागतो?

रोज वापरलेली स्वतःची गाडी घरगुती वापराची वस्तू मानली जाते, तिच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ‘वापरली’ हे दाखवता आलं पाहिजे. १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतलेली १९३१ ची फोर्ड पुढे २१ लाखांना विकली गेली, तेव्हा मालकाने ती स्वतः वापरल्याचं सिद्ध झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये करपात्रतेचा निर्णय कायम ठेवला. पेट्रोलच्या पावत्या, सर्व्हिसची बिलं जपून ठेवा आणि मोठी रक्कम असेल तर सीएला विचारा.

जाहिरातीत काय लिहू?

झालेला प्रत्येक बदल, आणि तो आरसीवर आहे की नाही. गंजाचे फोटो चकचकीत बोनेटच्या आधी टाका. फोन कमी येतील, पण येतील ते घेणाऱ्यांचे. दसरा आणि पाडव्याच्या आधी महिनाभर जाहिरात द्या. आषाढात उघड्या हौद्याच्या गाडीला कुणी विचारत नाही.

गाडीबरोबर काय काय द्यायचं?

बदलून काढलेले मूळ भाग सगळे. जुना कार्ब्युरेटर, जुने हेडलाइटचे कडे, खराब झालेला फाळकासुद्धा. कुठला नट कुठल्या मापाचा आणि कुठला उलट आट्यांचा, याची वही असेल तर ती. आणि स्टार्टिंग हँडल. माझ्याकडून हँडल द्यायचं राहून गेलं. घेणारे काका पनवेलचे, आठवड्याने त्यांचा फोन आला, बॅटरी उतरली आहे. मी हँडल पिशवीत घालून ट्रेनने गेलो. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, नाहीतर इंजिन उलटं मारलं तर अंगठा मोडतो, हे त्यांना दोनदा करून दाखवलं. तिसऱ्या फिरकीत गाडी सुरू झाली. मग त्यांच्या आईने आम्हाला पोहे दिले.